रघुनाथ धोंडो कर्वे : समाजस्वास्थ्यासाठी झिजलेले आयुष्य

गणिताच्या एका प्राध्यापकाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. न्यूयॉर्कमधील मार्गारेट सँगर यांचे केंद्र तर १९१६ मध्ये अवघ्या काही दिवसांतच पोलिसांनी बंद पाडले होते. अशा काळात ज्या विषयाचा उच्चारही निषिद्ध मानला जाई, त्याला आयुष्य वाहणारे हे प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे होत.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातील मुरूड येथे. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या मातोश्री राधाबाई यांचे बाळंतपणात निधन झाले. असे मृत्यू त्या काळी घरोघरी होत आणि ते नशिबाचे भोग म्हणून सोसले जात. रघुनाथ मात्र पुढे हे भोग टाळता येतात, असे सांगत उभे राहिले.

पुण्यात शिक्षण घेतलेले रघुनाथराव १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. पुढे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. परतल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापन करीत असतानाच त्यांनी संततिनियमनाचा प्रचार आरंभला. मिशनरी व्यवस्थापनाला तो रुचला नाही आणि कर्वे यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. प्रचार सोडून नोकरी राखण्याचा मार्ग मोकळा होता; तो त्यांनी स्वीकारला नाही.

ते डॉक्टर नव्हते. तरीही वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीला औषधाआधी माहितीची गरज आहे, हे त्यांनी ओळखले होते. मूल केव्हा व्हावे आणि व्हावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार स्त्रीचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२३ मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. पतीकडून पत्नीला जडणाऱ्या गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, यावरही त्यांनी लिहिले. संततिप्रतिबंधक साधने लोकांना मिळावीत म्हणून 'राइट एजन्सी' काढली. या साऱ्या खटाटोपात पत्नी मालतीबाई यांची त्यांना साथ होती. स्वतःला मूल होऊ न देण्याचा निर्णय या दाम्पत्याने विचारपूर्वक घेतला होता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. वाचकांनी संकोच सोडून प्रश्न विचारावेत आणि संपादकांनी शास्त्राच्या आधारे उत्तरे द्यावीत, हे मासिकाचे वैशिष्ट्य. पण जे विचारण्याची सोय घरात नव्हती, तेच छापले म्हणून सनातन्यांचा रोष ओढवला. अश्लीलतेच्या आरोपावरून १९३१ मध्ये खटला होऊन त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला उभा राहिला. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन म्हणजे अश्लीलता नव्हे आणि लोकांच्या शंकांना ज्ञानानेच उत्तर द्यावे लागते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. तरीही न्यायालयाने कर्वे यांना २०० रुपये दंड ठोठावला.

विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. कृत्रिम साधनांऐवजी ब्रह्मचर्याचा पुरस्कार करणाऱ्या महात्मा गांधींचा प्रभावही कर्वे यांच्या विचारांच्या आड येत होता. डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही फेटाळला गेला. महर्षींनी स्त्रीशिक्षणासाठी उभारलेल्या संस्थांना देणग्या आणि सन्मान मिळाले; पुत्राच्या वाट्याला मात्र तोट्यातले मासिक, उपहास आणि एकाकीपण आले. तरीही मासिक बंद पडले नाही.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. ज्या विचारासाठी कर्वे यांची नोकरी गेली, तोच शासनाचे धोरण ठरला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले. अमोल पालेकर यांच्या 'ध्यासपर्व' या २००१ मधील चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. तब्बल २६ वर्षांचे ते व्रत संपादकाबरोबरच संपले.