आकड्यांची उलटतपासणी करणारे पां. वा. सुखात्मे

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले व संख्याशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन परतले.

त्या काळी पीक किती आले हे नजरअंदाजाने ठरे. सुखात्मे यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडून, प्रत्यक्ष कापणी करून वजन घेण्याची पद्धत रुजवली. मोजणीचा तुकडा फार लहान असेल तर कडेची रोपेही आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हे त्यांनी दाखवले. निपाणी भागातील शेतकरी पालकांना हे वेगळे सांगायला नको!

पुढे ते रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी नसतो, असे सुखात्मे यांचे म्हणणे. आमच्या सातवीत सरासरीपेक्षा बुटकी मुले भरपूर आहेत. त्यांना आजारी म्हणायचे काय? १९६१ मध्ये त्यांनी उपाशी लोकांचा अंदाज १० ते १५ टक्के मांडला. मात्र कुपोषितही धरले तर जवळजवळ निम्मे जग. यातील पहिलाच आकडा सांगितला तर तीही दिशाभूलच.

निवृत्तीनंतर पुण्यात, दारिद्र्यरेषा आखताना हाच मुद्दा त्यांनी लावला, तेव्हा वि. म. दांडेकरांनी कडाडून विरोध केला. अशाने गरीब कागदावरूनच नाहीसे होतील, ही धास्ती आम्हालाही रास्त वाटते. सुखात्मे १९९७ मध्ये पुण्यात वारले. तो वाद मिटला नव्हता.