ज्यांना चहा तंबूबाहेर मिळायचा, त्या बाळू पालवणकरांनी इंग्लंडमध्ये ११४ विकेट काढल्या

साल १९११. पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एका डावखुऱ्या स्पिनरने दौऱ्यात तब्बल ११४ विकेट घेतल्या. त्याचं नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, जात चांभार. वडील लष्करात नोकरीला असल्याने बाळूंचं लहानपण पुण्यात गेलं. तिथे पारशी क्लबात मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा आणि अधूनमधून सभासदांना बोलिंग टाकायची, असं काम त्यांना मिळालं. पगार महिना तीन रुपये.

पुढे ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे ग्रेग नावाच्या नामांकित बॅट्समनला ते तासन्‌तास बोलिंग टाकत. त्या सरावात त्यांचा हात तयार झाला. बॅट मात्र तिथे त्यांच्या हातात कुणी दिली नाही.

आता पुण्यातल्या हिंदू क्लबासमोर पेच पडला. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू हवेत, पण ते अस्पृश्य. शेवटी त्यांना संघात घेतलं. मैदानात ज्या चेंडूला ते हात लावत, त्याच चेंडूला बाकीचेही लावत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं पानही वेगळंच.

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईत आले. तिथे ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरीही मिळाली. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, दोघेही होते.

इतकं असूनही हिंदू संघाचं कप्तानपद बाळूंना कधीच दिलं गेलं नाही. १९२० मध्ये यावरून वाद पेटला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. अखेर बाळूंना उपकप्तान केलं. तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. थोरल्या भावाला जे मिळालं नाही, ते धाकट्याने मिळवलं.

मैदान सुटल्यावर बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. तरुणपणी बाबासाहेबांना ज्या खेळाडूचा अभिमान वाटायचा, तोच आता समोर होता. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ विकेट आहेत. कप्तान म्हणून मात्र एकाही सामन्यापुढे त्यांचं नाव लागलेलं नाही.