दाईला वर्गात बसवणारे हकीम: मसीह-उल-मुल्क अजमल खान

आज आपल्या मोहल्ल्यात आशा ताई येते, गरोदर बाईचं नाव रजिस्टरात लिहिते, आयर्नच्या गोळ्या देते, पुढच्या तपासणीची तारीख सांगून जाते. ती ट्रेनिंग घेऊन आलेली आहे, याचं कुणाला नवल वाटत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाळंतपण जिच्या हाती असायचं, त्या दाईला कुणी काही शिकवतच नव्हतं. आईनं केलं ते मुलीनं पाहायचं आणि तसंच करायचं, एवढंच. नाळ कापायला हाताला लागेल ते हत्यार. बाळंतिणीला ताप चढला आणि ती गेली, की अल्लाहची मर्जी म्हणून घरचे गप्प बसायचे. हात धुतले होते का, हे विचारणारं कुणी नव्हतं.

अशा दायांसाठी दिल्लीत 1909 साली एक मदरसा उघडला गेला. तो उघडला एका हकीमांनी, आणि तेही देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या हकीम घराण्यातल्या. हकीम अजमल खान हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते काँग्रेस, खिलाफत किंवा जामिया मिल्लियाच्या संदर्भात. त्यांनी माणसं कशी घडवली, तो भाग मागे पडतो. म्हणून आज आम्ही त्याबद्दलच लिहितोय.

त्यांचा जन्म 1868 चा, दिल्लीच्या बल्लीमारान भागातल्या शरीफ मंजिलमधला. पूर्वज मुघल दरबाराचे हकीम. लहानपणी कुरआन हिफ्ज केलं, अरबी-फारसी शिकले आणि तिब्ब म्हणजे युनानी वैद्यक घरीच, वडिलांकडून आणि थोरल्या भावांकडून. तेव्हाची पद्धतच ती. शागिर्द उस्तादाच्या मतबमध्ये बसायचा, उस्ताद नब्ज पाहून जे सांगतील तो नुस्खा लिहायचा आणि लिहिता लिहिता शिकायचा. चांगला उस्ताद मिळाला तर शागिर्द तयार व्हायचा. नाही मिळाला, तर चार नुस्खे पाठ करून दुसऱ्या गावात दुकान थाटायचा. त्याला अडवायला ना परीक्षा होती, ना सनद.

शिवाय मोठ्या घराण्यांचे खास नुस्खे घराबाहेर जात नसत. ती त्यांची पुंजी होती.

थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान यांनी 1880 च्या दशकात दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू करून या कोंडीला पहिला धक्का दिला. घराण्याबाहेरच्या मुलांनाही तिथे रीतसर शिकायला मिळू लागलं. अजमल खान तेव्हा तरुण होते. 1892 पासून काही वर्षं ते रामपूरच्या नवाबांकडे हकीम म्हणून राहिले. याच काळात, 1896 मध्ये, मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात घराघरात घुसून जी तपासणी झाली, त्याच्या आठवणी आपल्या भागात पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. लोक रोगापेक्षा सरकारी पथकाला जास्त भ्यायचे. प्लेगवर अजमल खानांनीही पुस्तिका लिहिली. लोकांचा ज्यांच्यावर भरवसा होता, ते हकीम-वैद्य साथीबद्दल अडाणी राहिले तर किती नुकसान होईल, हे त्या वर्षांनी सगळ्यांनाच दाखवून दिलं होतं.

दोन्ही थोरल्या भावांच्या इंतकालानंतर मदरशाची आणि घराण्याची जबाबदारी अजमल खानांवर आली. त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना नावाची औषधशाळा उभी केली, घराण्याचे नुस्खे त्यात आणले आणि तिची कमाई शिक्षणाच्या कामाला लावली. हे वाचायला सोपं वाटतं. पण जे नुस्खे बापजाद्यांनी छातीशी धरून ठेवले होते, ते बाजारातल्या कारखान्यात जाणार आणि त्यातून आलेला पैसा परक्यांची मुलं शिकवायला जाणार, हे पचवणं किती जड गेलं असेल याचा विचार करा. दिल्लीत ते रुग्णाकडून फी घेत नसत. बाहेरगावी राजे-नवाबांकडे गेले तर दिवसाला हजार रुपये घ्यायचे, असं सांगतात. आम्हाला तरी हा हिशेब पटतो.

आता दायांच्या मदरशाकडे येऊ. बायांसाठी सरकारी पातळीवर काहीच होत नव्हतं असं नाही. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी 1885 मध्ये फंड काढला होता, 1903 मध्ये लेडी कर्झन यांनी खास दायांच्या शिक्षणासाठी दुसरा. मिशनरी बायांचे दवाखानेही होते. पण पडद्यातल्या घरांना मिशनचा दवाखाना परका वाटायचा. पुरुष डॉक्टर तर सवालच नाही. मग बाई अडली की पुन्हा तीच दाई. अजमल खानांनी हे ओळखलं की दाईला शिव्या देऊन किंवा तिच्यावर बंदी आणून काही साधणार नाही, कारण दार तिच्याचसाठी उघडतं. म्हणून तिलाच शिकवायचं. मदरशाला जोडून बायांचा दवाखानाही होता, म्हणजे शिकलेलं तिथेच करून पाहता येईल. शरीफ घराण्यातल्या हकीमाने दाईसारख्या, समाजात खालची समजल्या जाणाऱ्या बाईच्या शिक्षणात वेळ घालवावा, हे त्या काळी मोठं पाऊल होतं.

मग आला 1912 चा कायदा, आणि तोही आपल्या मुंबईचा. बॉम्बे मेडिकल रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट. नोंदणी फक्त पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांची. जो नोंदणीत नाही त्याच्या सर्टिफिकेटला कायद्यात किंमत नाही, सरकारी जागा नाही. एका फटक्यात हकीम आणि वैद्य दोघेही बिननोंदीचे झाले. आधीच, 1910 मध्ये, अजमल खानांनी वैद्य आणि हकीम यांना एका व्यासपीठावर आणून अखिल भारतीय परिषद सुरू केली होती. या परिषदेनं कायद्याला जोरदार विरोध केला. हिंदू वैद्य आणि मुस्लिम हकीम एका मंचावर, हे दृश्य तेव्हाही रोजचं नव्हतं.

पण आमच्या मते त्यांचा मोठेपणा विरोधात नाही, विरोधाच्या सोबत त्यांनी जे केलं त्यात आहे. हकीमांवर अन्याय झाला म्हणून हकीमांचं सगळं बरोबर, असं त्यांनी कधी धरलं नाही. शस्त्रक्रियेत आपण मागे आहोत, शरीररचना नीट शिकवली जात नाही, हे ते उघड मान्य करत. 1911 मध्ये ते युरोपला गेले. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी तेव्हा काम करत होते, तिथे त्यांची ओळख झाली आणि ती आयुष्यभराची दोस्ती ठरली. तिथल्या एका इंग्रज सर्जनपेक्षा हकीम साहेबांचं निदान अचूक निघालं, हा किस्सा आपल्याकडे फार रंगवून सांगितला जातो. आम्हाला मात्र यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की ते तिथे हॉस्पिटलं पाहायला गेले होते, शिकायला गेले होते.

परत आल्यावर कॉलेजच्या कामानं वेग घेतला. 29 मार्च 1916 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी दिल्लीच्या करोल बागेत आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेजचा पाया घातला. एकाच आवारात आयुर्वेद आणि युनानी, आणि दोघांच्या जोडीला आधुनिक शरीररचना आणि शस्त्रक्रिया. इमारत तयार होईपर्यंत देशाचं वारं बदललं होतं. 1920 मध्ये अजमल खानांनी हाजिक-उल-मुल्क हा सरकारी किताब परत केला, तेव्हा लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणायला सुरुवात केली. ज्या कॉलेजचा पाया व्हाइसरॉयनं घातला, त्याचं उद्घाटन 13 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींनी केलं. गांधीजींनी त्या भाषणात फक्त स्तुती केली नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांमध्ये जी शोध घेण्याची तळमळ असते, ती आपल्या वैद्य-हकीमांत दिसत नाही, असं त्यांनी त्यांच्याच समारंभात सुनावलं. यजमानाला ते झोंबलं असेल असं वाटत नाही. कॉलेज काढण्यामागे त्यांचंही दुखणं तेच होतं.

पुढची वर्षं राजकारणाची. 1921 च्या अहमदाबाद काँग्रेस अधिवेशनाचं अध्यक्षपद, जामियाचे पहिले कुलपती, 1925 मध्ये जामिया अलीगढहून करोल बागेत, तिब्बिया कॉलेजच्या शेजारी आणणं. जामिया पैशावाचून बंद पडायच्या बेतात असताना हकीम साहेबांनीच ती तगवली. हे सगळं चालू असताना मतब सुटला नाही. तब्येत मात्र सुटत गेली. 29 डिसेंबर 1927 रोजी रामपूरला हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. दफन दिल्लीत झालं.

जाण्याआधी त्यांनी एक काम सोपवून ठेवलं होतं. सलीमुज्जमान सिद्दीकी नावाचा तरुण जर्मनीत रसायनशास्त्र शिकत होता आणि त्याला हकीम साहेबांचा आधार होता. तो परत आल्यावर तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था सुरू झाली. सर्पगंधाच्या मुळीतून त्यानं 1931 मध्ये एक नवा घटक वेगळा काढला आणि त्याला अजमालिन हे नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित हे औषध जगभरच्या औषधशास्त्राच्या पुस्तकांत आहे. गांधीजींनी 1921 मध्ये जी तक्रार केली होती, तिला दहा वर्षांत त्याच आवारातून मिळालेलं हे उत्तर होतं.

करोल बागेतलं कॉलेज आजही चालू आहे. आपल्याकडे मुंबईत, मालेगावात युनानी कॉलेजं आहेत आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्यांत मुलींची संख्या चांगली आहे. महाराष्ट्रात बीयूएमएस झालेल्यांना सहा महिन्यांचा वेगळा कोर्स करून उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करता येतं. तिथे लसीकरण, साखर-बीपीची तपासणी, गरोदर बायांची नोंद हे सगळं असतं, आणि आशा ताया त्यांच्याच हाताखाली फिरतात. सहा महिन्यांत नवीन काय शिकणार, आम्ही पाच वर्षं शिकलोय की, असं म्हणणारे काही जण आम्हाला भेटतात. अजमल खान लंडनला गेले, तेव्हा ते देशातले सगळ्यात मोठे हकीम होते आणि वय चाळिशीच्या पुढे होतं.