एलईडीचा उजेड पहिल्यांदा नीट तपासणारा माणूस लेनिनग्राडच्या वेढ्यात उपाशी मेला

नंदुरबारमधल्या मोलगीच्या बाजारात आमचूर विकायला आलेल्या माणसाचा मोबाईल घ्या, नाहीतर मुंबईच्या स्टेशनवरचा इंडिकेटर. उजेड देणारी वस्तू एकच, एलईडी किंवा तिचं एखादं भावंडं.

ही वस्तू कारखान्यातून बाहेर पडण्याआधी टेस्ट इंजिनियरच्या हाताखालून जाते. चिपमध्ये करंट सोडायचा, किती व्होल्टेजला उजेड पडतो, किती पडतो आणि कोणत्या रंगाचा पडतो, हे मोजायचं. आज हे काम मशीन करतात. पण शंभर वर्षांपूर्वी ते एक पोरगा एकट्याने करत होता. त्याच्याकडे कॉलेजची डिग्रीही नव्हती.

त्याचं नाव ओलेग लोसेव्ह.

लोसेव्हचा जन्म १९०३ चा, रशियातल्या त्वेर शहरातला. शाळेत असताना रेडिओवरचं एक व्याख्यान ऐकलं आणि गडी रेडिओच्या नादाला लागला. पुढे निझनी नोव्हगोरोडच्या रेडिओ प्रयोगशाळेत त्याला काम मिळालं, पण निरोप्याचं. दिवसा निरोप पोचवायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्याचा दिनक्रम.

त्या काळी रेडिओत धातूची तार टेकवलेला खनिजाचा खडा असायचा. हा खडा फक्त सिग्नल पकडायचा, वाढवायचा नाही. १९२२ मध्ये लोसेव्हने झिंकाइटच्या खड्याला बॅटरी जोडून बघितली, तर खडा सिग्नल वाढवू लागला. महागडे व्हॉल्व्ह न वापरता चालणारा रेडिओ तयार झाला. लोसेव्ह तेव्हा अठरा वर्षांचा होता. अमेरिकेच्या 'रेडिओ न्यूज' मासिकाने १९२४ मध्ये त्याचं कौतुक केलं.

अशाच खड्यांची तपासणी करताना त्याला एक वेगळी गोष्ट दिसली. कार्बोरंडमच्या खड्यात करंट सोडला की तार टेकलेल्या जागी मंद उजेड पडत होता.

हा उजेड १९०७ मध्ये इंग्लंडच्या हेन्री राऊंडलाही दिसला होता. त्याने छोटंसं टिपण छापलं आणि विषय सोडला. लोसेव्हने मात्र पिच्छा पुरवला.

पहिला प्रश्न होता, खडा तापून उजेड देतोय का? बल्बची तार तापूनच पेटते. लोसेव्हने खड्यावर बेन्झिनचा थेंब टाकला. खडा तापला असता तर थेंब झटकन उडून गेला असता. तो सावकाश उडाला. म्हणजे उजेड थंड होता. मग त्याने व्होल्टेज आणि करंटचे आलेख काढले, उजेडाचे रंग तपासले. करंट चालू-बंद केला की उजेडही तितक्याच झपाट्याने चालू-बंद होतो, हेही त्याने दाखवून दिलं. या उजेडाचा वापर करून संदेश आणि चित्रं पाठवण्याच्या यंत्राचं पेटंट त्याने १९२७ मध्ये मागितलं. आइनस्टाइनच्या फोटोइलेक्ट्रिक परिणामात प्रकाशातून वीज मिळते, इथे विजेतून प्रकाश मिळतोय, हेही त्याने ओळखलं होतं.

पण जगाचं लक्ष व्हॉल्व्हकडे होतं. १९२८ मध्ये निझनीची प्रयोगशाळा गुंडाळली गेली आणि लोसेव्ह लेनिनग्राडला गेला. शेवटी एका वैद्यकीय संस्थेत भौतिकशास्त्र शिकवण्याची नोकरी त्याने धरली. १९३८ मध्ये त्याला प्रबंध न लिहिता, आधीच्या कामावर पीएचडीच्या तोडीची पदवी मिळाली.

१९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला आणि शहरातलं अन्न संपलं. २२ जानेवारी १९४२ रोजी लोसेव्हचा उपासमारीने मृत्यू झाला. वय ३८.

त्यानंतर सहाच वर्षांच्या आत, डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टर बनला आणि सगळं जग सेमीकंडक्टरच्या मागे लागलं. १९६२ मध्ये निक होलोन्याकने डोळ्यांना दिसणारा लाल उजेड देणारी एलईडी बनवली. निळ्या एलईडीसाठी २०१४ मध्ये तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. तोवर लोसेव्हचं नाव फार थोड्या लोकांना माहीत होतं.

आता मायक्रो-एलईडीचे पडदे येतायत. त्यात प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतंत्र एलईडी, म्हणजे एका पडद्यात लाखो. त्यातली एखादी बिघडली तर पडद्यावर काळा डाग दिसतो, त्यामुळे हरेक चिप तपासावी लागते. त्या तपासणीतही आधी बघतात ते व्होल्टेज, करंट, उजेड आणि रंग. लोसेव्हनेही हेच तपासलं होतं.