तुकोबारायांच्या पुलावरून गेलेला भक्त : नारायण वामन टिळक



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. या पुस्तकात संतांची, फडकऱ्यांची, विणेकऱ्यांची चरित्रं येणारच. मी मात्र एका ख्रिस्ती माणसाचं चरित्र लिहायलोय. कारण एकच. तो ख्रिस्ती झाला, पण तुकोबारायांचा हात त्यानं सोडला नाही. अन् संकटात माणूस टिकतो कशावर, हे त्याच्या घरातून आपल्याला शिकता येतं.

नारायण वामन टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, हे कवी टिळक. जन्म कोकणात करजगावचा, ६ डिसेंबर १८६१ चा. आई भक्तीची, कविता रचणारी. ती लेकरू लहान असतानाच गेली. वडील फार कडक. आई गेली तसं पोरानं घर सोडलं अन् नाशिक गाठलं. गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. पुढं जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांची बायको झाली. तवा ती अकरा वर्षांची. याच आपल्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा पाय एका गावी ठरत नव्हता. कुठं मास्तरकी केली, कुठं पुराण सांगितलं, कीर्तनं केली. पैसा हातात आला की देऊन मोकळे. मनात आलं की न सांगता घरातून निघून जायचे. लक्ष्मीबाईंनी लई सोसलं. लेकरंही लहानपणी गेली.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरे गृहस्थ भेटले. कवितेवरून बोलणं निघालं. उतरताना त्यांनी बायबल दिलं. टिळकांनी ते वाचायला घेतलं अन् येशू ख्रिस्ताचा डोंगरावरचा उपदेश त्यांच्या काळजात बसला. वैऱ्यावर बी प्रेम करा, ही गोष्ट त्यांना सोडीना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथून खरी परीक्षा सुरू झाली. ब्राह्मणाचं घर, तो काळ. नातं तुटलं, जात गेली, चालू नोकरी गेली. बायको अन् एकुलता लेक दत्तू माहेरच्या माणसांकडं राहिले. हेही खरं सांगितलं पाहिजे की टिळकांनी ही गोष्ट घरात न सांगता केली. त्या माउलीवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत, अन् लोक बघायचे ते वेगळ्याच नजरेनं. त्या दिवसांत त्या काही काळ बहिणीकडं पंढरपुरात होत्या. ज्या गावी आपण टाळ वाजवीत, नाचत जातो, त्याच गावी त्यांनी विरहाचे दिवस काढले.

टिळकांनी दुसरं घर मांडलं नाही. अहमदनगरला मिशनच्या शाळेत शिकवायचे, पत्रं लिहायचे, कविता लिहायचे, प्रार्थना करायचे अन् वाट बघायचे. चारेक वर्षांनी लक्ष्मीबाई आल्या. पण आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पुढं राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनानंच घेतलं की जात माणसानं केली, देवानं नाही. मग कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. चोखोबांच्या समाधीला डोकं लावणाऱ्या आपल्याला हे समजायला अवघड नाही. १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

ते साल मोठ्या दुष्काळाचं होतं. माणसं अन् ढोरं अन्नावाचून मेली. या दोघांजवळ काय होतं? थोडा पगार अन् मोठं मन. तरी आईबाप नसलेली पोरं घरी आणून सांभाळली. पुढं प्लेग आला, तवा रोग्यांपासून पळाले नाहीत. आपलं दुःख आहे म्हणून दुसऱ्याला दार लावलं नाही, हीच त्यांची भक्ती.

तोवर देवळात ख्रिस्ती लोक बहुतेक इंग्रजी चालीची गाणी गायचे. टिळकांनी तिथं आपलं कीर्तन नेलं, भजन नेलं, अभंग नेला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते म्हणत. तुकोबांनी बी दुष्काळच पाहिला होता. दिवाळं निघालं, बायको गेली, लेकरू गेलं. तरी त्यांनी नाम सोडलं नाही. दोघांचा देव वेगळ्या नावाचा, पण धरून राहणं एकच.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला, देवाचा दरबार नावानं मंडळी जमवली. ख्रिस्तचरित्र ओव्यांत लिहायला घेतलं, ते ख्रिस्तायन. पण अकराव्या अध्यायापुढं हात पोचला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. मग लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. ज्या बाईनं कधी शाळा पाहिली नाही तिनं! त्यांची स्मृतिचित्रं तर मराठीत अजून वाचली जातात. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला याचा लई आधार वाटतो.

आता आपल्याकडं बघा. बहात्तरचा दुष्काळ आपण पाहिला, किल्लारीचा भूकंप पाहिला. आता सोयाबीनला भाव नाही, पाऊस येतो तर पीक वाहून नेतो. घरचा कर्ता माणूस मनातल्या मनात जळतो, कुणाला काही बोलत नाही अन् एक दिवस न सांगता कायमचा जातो. मागं बायको अन् लेकरं राहतात. टिळकही न सांगता जायचे, अन् त्याचं दुःख किती खोल असतं ते लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलंय. पण टिळक परत यायचे. कायमचं गेलेला येत नाही.

म्हणून माउली, सांगतो. धीर म्हणजे रडू न येणं नव्हे. टिळक रडले, लक्ष्मीबाई रडल्या, तुकोबाराय रडले. पण रडणं त्यांनी देवापाशी आणलं, माणसांपाशी आणलं. आपली दिंडी त्याच्यासाठीच आहे. पंधरा-वीस दिवस बरोबर चालणारा माणूस वर्षभर बी आपलाच असतो. कर्ज असो, आजार असो, घरातलं भांडण असो, त्याच्यापाशी जाऊन बोला. अन् जो बोलत नाही, त्याच्या दारात तुम्ही जाऊन बसा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.