डेनिस गाबोर: फोटोतला पोत ओळखणाऱ्या गणितामागचा माणूस

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी एक प्रोग्रॅम केला होता. कापडाचा फोटो दिला की ते डेनिम आहे की साधं सुती, हे त्याने सांगायचं. दोन्ही निळी, त्यामुळे रंगावर भागेना. शेवटी ‘गाबोर फिल्टर’ लावला आणि काम झालं. हा गाबोर कोण, हे तेव्हा शोधलं.

डेनिस गाबोर १९०० साली बुडापेस्टमध्ये जन्मले. शिकून बर्लिनमध्ये सीमेन्समध्ये इंजिनिअर झाले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू घरात जन्मलेल्या गाबोर यांना जर्मनी सोडावी लागली. इंग्लंडमध्ये रग्बी गावातल्या एका कंपनीत काम मिळालं खरं, पण महायुद्ध सुरू होताच ते परके ठरले. गुप्त लष्करी कामापासून त्यांना लांब ठेवलं गेलं.

१९४६ मध्ये त्यांचा एक पेपर आला. त्यातला प्रश्न आवाजाचा होता: सूर कोणता आणि तो नेमका कधी वाजला, हे दोन्ही एकदम किती अचूक सांगता येईल? एक पक्कं करायला गेलं की दुसरं निसटतं. हळूच चढून हळूच विरणारी छोटी लहर यातला सगळ्यात चांगला मध्य साधते, हे त्यांनी दाखवलं. पुढच्याच वर्षी होलोग्राफी सुचली, १९७१ ला नोबेल मिळालं. १९७९ मध्ये लंडनला ते वारले.

त्या लहरीचं फोटोतलं रूप त्यानंतरचं. १९८० च्या दशकात जॉन डॉगमन यांनी ती दोन मितींत नेली. म्हणजे कडेला विरत जाणारा पट्ट्यांचा छोटा ठिपका. तो वेगवेगळ्या दिशांनी, कमीजास्त जाडीने फोटोवर फिरवायचा आणि कुठे किती जुळतो त्याचे आकडे घ्यायचे. डेनिमची वीण तिरकी, म्हणून तिरक्या ठिपक्याचा आकडा मोठा येतो. साध्या विणीत आडवा-उभा जिंकतो. नमुन्याचे असे आकडे शिकवले की प्रोग्रॅम नवं कापड ओळखतो.

डॉगमन यांनी याच लहरींनी बुबुळाचा पोतही वाचला. आधार काढताना आपण यंत्रात डोळे लावले होते ना, ते तंत्र याच घराण्यातलं.

माझा प्रोग्रॅम मात्र चुरगळलेल्या कापडावर अजून चुकतो. घडी पडली की रेषांची दिशाच बदलते, आणि सुती कापड खुशाल डेनिम ठरतं.