सांगलीचे विजय हजारे

ऊस तुटून गेला की आपण मोकळ्या रानात क्रिकेट खेळतो. सचिन, धोनी, विराट ही नावे तर पहिलीतल्या पोरांना पण पाठ आहेत. पण भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कप्तान कोण होता? आमच्या वर्गात गुरुजींनी विचारले तर कुणालाच येईना. तो कप्तान लांबचा नव्हता, आपल्या सांगलीत जन्मलेला होता.

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगली येथे झाला. त्या वेळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. त्यांचे वडील शाळेत मास्तर होते. घरात आठ भावंडे. म्हणजे बॅटीला पैसे मागायचे तर विचार करूनच मागावे लागत असतील, असे मला वाटते. हे कुटुंब मराठी ख्रिस्ती होते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली आहे, ती पुढे लागणार आहे.

हजारे फलंदाजी करत आणि गोलंदाजी पण करत. पण त्यांची उभे राहण्याची तऱ्हा वेगळीच होती. ते बॅट दोन पॅडांच्या मध्ये धरत आणि दांड्यावरचे दोन्ही हात एकमेकांपासून लांब ठेवत. पुस्तकात असे नसते. आपल्यात कोणी असा उभा राहिला तर मोठी पोरे लगेच हसतील आणि बॅट काढून घेतील. त्या काळात ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट हिंदुस्थानात शिकवायला आले होते. एका संस्थानिकांनी त्यांना बोलावले होते. कसोटीत २०० बळी घेणारे जगातले पहिले गोलंदाज ते! त्यांनी हजारेंना गोलंदाजी शिकवली, पण उभे राहण्याची पद्धत मात्र बदलू नको असे सांगितले. हजारेंनी ती शेवटपर्यंत बदलली नाही.

१९३९-४० साली पुण्याला रणजी करंडकाचा सामना झाला. महाराष्ट्राकडून खेळताना हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. मोठ्या सामन्यात ३०० च्या वर जाणारे ते पहिले भारतीय. गंमत अशी की पुढे ते बडोद्यालाच गेले. बडोद्याचे महाराज गायकवाड. त्यांनी हजारेंना आपल्या पदरी ठेवले. मग ते वीस वर्षे बडोद्याकडून खेळले.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. त्या काळी मुंबईला पंचरंगी सामने भरत. हिंदूंचा एक संघ, मुसलमानांचा एक, पारशांचा एक, युरोपियनांचा एक, आणि राहिलेल्या सगळ्यांचा मिळून एक. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते राहिलेल्यांच्या संघात. मला हे वाचून नवल वाटले. आपण टीम पाडतो तेव्हा आधी बघतो बॅट कोणाची आहे आणि झेल कोण पकडतो. धर्म कशाला बघायचा? महात्मा गांधींना पण हे सामने पसंत नव्हते. १९४६ नंतर ते बंद पडले.

तर १९४३ साली शेवटचा सामना हिंदू विरुद्ध राहिलेले असा पडला. त्याच स्पर्धेत आधी हजारेंनी २४८ धावा केल्या होत्या. अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंटनी नाबाद २५० करून त्यांना मागे टाकले. दोघांचे नाव विजयच! हिंदूंच्या झाल्या ५८१. राहिलेल्यांचा संघ १३३ मध्ये गुंडाळला गेला. त्यातल्या ५९ हजारेंच्या होत्या. इतका फरक पडला की त्याच संघाला परत खेळायला लावतात, त्याला फॉलोऑन म्हणतात. (हे आईलोकांसाठी लिहिले आहे.) दुसऱ्या डावात राहिलेल्यांच्या ३८७ झाल्या आणि त्यात एकट्या हजारेंच्या ३०९! मी वजाबाकी करून पाहिली. ३८७ वजा ३०९ म्हणजे ७८. बाकीचे दहा जण आणि अवांतर धावा, सगळे मिळून ७८.

या ७८ मध्ये एक खेळाडू आहे. त्यांचे नाव विवेक हजारे, विजय हजारेंचे भाऊ. दोघा भावांनी मिळून ३०० धावांची भागी केली. आणि त्या ३०० मध्ये विवेक यांच्या किती? २१ फक्त! तासन् तास ते एका बाजूला उभे राहिले, चेंडू अडवत राहिले आणि भावाला खेळू दिले. त्यांच्या २१ धावा कुणी पाठ करत नाही. पण ते बाद झाले असते तर ३०९ झालेच नसते. आमच्या आळीत तर दोन चेंडू अडवले की सगळे ओरडतात, मार की, नाहीतर बॅट दे. सामना हिंदूंनी एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. हजारेंचा संघ हरला.

इथे वर्गात आमचे भांडण झाले. काही मुले म्हणाली, हरले तर ३०९ चा उपयोग काय? त्यांनी पुढचे वाचावे.

१९४७ च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याने होळकर संघाला हरवले. त्यात हजारे २८८ आणि गुल मोहम्मद ३१९. दोघांची भागी ५७७ धावांची! हा जागतिक विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ करून तो मोडला. गुल मोहम्मद लाहोरचे. त्याच वर्षी देशाची फाळणी झाली. गुल मोहम्मद नंतर पाकिस्तानकडून पण कसोटी खेळले.

मग भारतीय संघ बोटीने नव्हे तर विमानाने... असे काही लिहिण्यापेक्षा सरळ ॲडलेडला जाऊ. ऑस्ट्रेलियातले शहर, जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर केला. डॉन ब्रॅडमन २०१ वर गेले, त्यांचा त्रिफळा हजारेंनीच उडवला. आमच्या पहिल्या डावात हजारे ११६ आणि दत्तू फडकर १२३. फडकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले. म्हणजे सांगली आणि कोल्हापूर मिळून ऑस्ट्रेलियाशी भांडत होते! तरी फॉलोऑन मिळालाच. दुसऱ्या डावात शून्यावर दोन गडी बाद. समोर लिंडवॉल, तुफान वेगाचा. त्याने सात जणांना बाद केले. हजारेंनी १४५ केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला.

परत हरले, हे खरे आहे. पण मी एक विचारतो. घरात पाणी शिरले आणि एक जण दार धरून उभा राहिला, तर पाणी शेवटी आत आले म्हणून तो काय बसून होता असे म्हणणार का?

१९५१ साली हजारे कप्तान झाले. इंग्लंडचा संघ आपल्याकडे आला होता. दिल्लीला हजारे नाबाद १६४, मुंबईला १५५. पण जिंकायचे काही जमेना. १९३२ साली भारत पहिली कसोटी खेळला, तेव्हापासून २४ कसोट्या झाल्या आणि एकही विजय नाही. पंचविसावी कसोटी मद्रासला, फेब्रुवारी १९५२ मध्ये. पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे वारले, म्हणून दुसऱ्या दिवशी खेळ झाला नाही. पंकज रॉय १११, पॉली उम्रीगर नाबाद १३०. विनू मंकड यांनी दोन डावांत १२ गडी घेतले. भारत एक डाव आणि ८ धावांनी जिंकला! वीस वर्षांनी पहिल्यांदा. आणि या सामन्यात कप्तानांच्या स्वतःच्या धावा थोड्याच झाल्या. जेव्हा ढीगभर केल्या तेव्हा हरले, आणि जिंकले तेव्हा काम दुसऱ्यांनी केले. मला वाटते त्यांना त्याचे वाईट वाटले नसेल. विवेकसारखा एक भाऊ घरात होता ना!

त्याच साली इंग्लंडला लीड्स गावी दुसऱ्या डावात लई वाईट झाले. फलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद! ट्रूमन नावाचा नवा गोलंदाज होता, त्याची पहिलीच कसोटी. चौघे परत आले तेव्हा आत कोण होते? हजारे. त्यांनी ५६ केल्या, फडकरांनी ६४. सामना गेला, पण शून्याचे काहीतरी झाले.

हजारेंनी ३० कसोटींत २१९२ धावा आणि ७ शतके केली. १४ कसोटींत कप्तान होते. एक जिंकली, पाच हरले, आठ बरोबरीत सुटल्या. १९६० साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. क्रिकेट खेळाडूंना ती त्या वर्षी पहिल्यांदाच मिळाली, हजारे आणि जसू पटेल या दोघांना.

१८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्याला त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते. आता सगळ्या राज्यांची एक दिवसाच्या मॅचची जी स्पर्धा होते, तिचे नाव विजय हजारे करंडक आहे. तिच्यात महाराष्ट्राचा संघ खेळतो आणि बडोद्याचा पण.

— इयत्ता चौथी